मुलांचे सपाट पाय : महागडे बूट घेण्यापूर्वी

भाताची मळणी संपून हाती चार पैसे आले, की राहिलेल्या खर्चांची आठवण होते. अशाच दिवसांत दोन-अडीच वर्षांचे मूल न्हाणीतून ओल्या पायांनी धावत येते आणि सारवलेल्या अंगणात त्याचे ठसे उमटतात. आजी ते पाहून म्हणते, "अगं सूनबाई, पोराचा पाय बघ कसा फताडा पडतोय! मधे खळगाच नाही." सुनेच्या पोटात गोळा येतो. मुलगा असेल तर उद्या पलटणीत कसा घेतील, मुलगी असेल तर बघायला येणारे काय म्हणतील, या विचाराने तिला झोप येत नाही. मग कोणीतरी शहरात मिळणाऱ्या 'कमानीच्या बुटां'ची शिफारस करतो आणि बियाण्यासाठी ठेवलेले पैसे त्या बुटांत जातात. असे होऊ नये म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक घरात असणे जरूर आहे.

जन्मतः सर्वांचेच पाय सपाट

पहिली गोष्ट ही, की तान्ह्या बाळाचा तळवा सपाट दिसणे हा रोग नव्हे. मोठ्या माणसाच्या तळव्यात आतील बाजूस जी कमान असते, त्या जागी बाळाच्या पायात चरबीची मऊ गादी असते. त्याची हाडे अजून बरीचशी कूर्चेची, म्हणजे कोवळी असतात आणि सांध्यांना बांधून ठेवणारे बंधही सैल असतात. मूल उभे राहिले की अंगाच्या भाराने तळवा जमिनीला टेकतो. मूल चालू-धावू लागले, की स्नायू व बंध हळूहळू बळकट होतात, चरबी कमी होते आणि कमान दिसू लागते. बहुतेक मुलांत हे काम आठ ते दहा वर्षांपर्यंत पुरे होते.

ऑस्ट्रियात 3 ते 6 वर्षांच्या 835 मुलांचे पाय तपासून 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या मुलांपैकी 54 टक्के मुलांचे पाय सपाट होते, तर सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 24 टक्केच होते. म्हणजे तिसऱ्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांचे पाय 'फताडे' असणे हेच स्वाभाविक होय. काहींचे पाय जन्मभर सपाट राहतात, पण दुखत नसतील तर त्यांच्या कामात काही अडत नाही. तो मुलाचा दोष नाही, आणि आईचा तर नाहीच.

घरी करावयाची परीक्षा

मुलाला भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभे करावे व मागून पाहावे. टाचा उचलल्यावर तळव्यात कमान दिसली, तर तो पाय 'लवचिक सपाट' समजावा. मूल लहान असेल तर त्याला मांडीवर बसवून पाय लोंबते सोडावेत, किंवा ते उभे असताना पायाचा अंगठा हलकेच वर उचलावा. कमान दिसली तर चिंतेचे कारण नाही. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीतही लवचिक, न दुखणारा पाय आणि ताठर पाय यांत फरक केला जातो. तेव्हा दोन वर्षांच्या मुलाच्या ठशावरून त्याच्या नोकरीचा निकाल लावू नये.

बुटांनी कमान येते काय?

अमेरिकेतील डॅलस येथे डॉक्टरांनी लवचिक सपाट पायांच्या मुलांचे गट केले. काहींना खास बूट दिले, काहींना बुटात घालण्याचे साचे दिले, तर काहींना काहीच दिले नाही. तीन वर्षांनंतर सर्वच गटांतील मुलांचे पाय सुधारले होते आणि उपचार न केलेली मुले कशातच मागे नव्हती. हा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. कमान आली ती वाढत्या वयाने, बुटांनी नव्हे. मोठ्या मुलाचा पाय खरोखर दुखत असेल, तर डॉक्टर बुटात मऊ आधार घालण्यास सांगतात. त्याने दुखणे कमी होते, पण पायाचा आकार बदलत नाही.

आपल्या शेजारचा अभ्यास तर याहून बोलका आहे. कर्नाटकातील कस्तुरबा मेडिकल कॉलेजातील डॉ. राव व डॉ. जोसेफ यांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पायांचे ठसे घेतले आणि 1992 साली निष्कर्ष मांडले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत 8.6 टक्के, तर अनवाणी वाढणाऱ्या मुलांत 2.8 टक्केच सपाट पाय आढळले. चपला-सँडल वापरणाऱ्यांपेक्षा बंद बूट वापरणाऱ्यांत प्रमाण अधिक होते. पादत्राणांनीच पाय बिघडतो असे यावरून पुरते सिद्ध होत नाही. तरीही गरिबीमुळे लेकराला बूट घेता आले नाहीत, म्हणून मन खाणाऱ्या बापाला यातून दिलासा मिळावा.

अनवाणी, पण कोठे?

घरात, स्वच्छ अंगणात व वाळूत मुलाला खुशाल अनवाणी खेळू द्यावे. चवड्यांवर चालणे, दोरीवरच्या उड्या, पायाच्या बोटांनी चिंचोके उचलणे, या खेळांनी पायाचे स्नायू बळकट होतात. परंतु गोठा, उकिरडा, ओले शेत व शौचास बसण्याची जागा येथे चप्पल हवीच. माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात व आतड्यात रक्त पितात, त्यामुळे मूल पांढरे पडते. काटा वा खिळा टोचल्यास धनुर्वाताची भीती असते. म्हणून धनुर्वाताची लस आणि शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. बूट घ्यावयाचेच, तर तळ सहज वाकणारा व पुढे बोटांना मोकळी जागा असलेला जोड घ्यावा. मोठ्या भावाचे झिजलेले, आखडलेले बूट धाकट्याच्या पायात कोंबू नयेत.

तेलाचे हलके मालीश करण्यास हरकत नाही. मात्र तळवा जोराने दाबणे, बांधून ठेवणे किंवा डाग देणे हे प्रकार सर्वस्वी वर्ज्य करावेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी काही दिसल्यास मात्र थांबू नये :

चवड्यांवर उभे राहूनही कमान दिसत नाही व पाय ताठर लागतो.

पाय दुखतो, सुजतो, किंवा मूल लंगडते व थोडे चालून कडेवर घेण्यास सांगते.

एकच पाय सपाट आहे.

आधी कमान होती, ती नंतर नाहीशी झाली.

आठ-दहा वर्षांनंतर घोटा वारंवार मुरगळतो.

मूल दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही.

नवजात बाळाचा तळवा नावेच्या तळासारखा बाहेर फुगलेला व ताठ असेल, किंवा पाऊल आत वळलेले असेल, तर पहिल्या आठवड्यांतच दाखवावे. हे सपाट पायाहून वेगळे दोष आहेत. लवकर आणल्यास दर आठवड्याला प्लास्टर बदलून असे पाऊल पुष्कळदा सरळ करता येते, उशीर झाला की उपचार अवघड होतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, जो 2013 साली सुरू झाला, अंगणवाडी व सरकारी शाळांतून मुलांची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नये.

कोवळे रोप लवकर वाढावे म्हणून कोणी ते वर ओढत नाही. त्याला माती, पाणी व वेळ देतो आणि कीड दिसते का तेवढे पाहतो. लेकराच्या पायाचेही तसेच आहे. आज संध्याकाळी मुलाला चवड्यांवर उभे करून पाहा. कमान दिसली, तर बुटांचे पैसे दूध, अंडी व बियाण्यासाठी राखून ठेवा. नाही दिसली, तर बूट विकणाऱ्याकडे न जाता मुलाला डॉक्टरांकडे न्या.