उचल फेडा, पण गोळ्या तोडू नका

आमच्या गंगाखेड तालुक्यात टीबीचं औषध मध्येच तुटण्याचा हंगाम ठरलेला आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, पार कर्नाटकापर्यंत निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चलेली असते. ती फिटेस्तोवर माघारी येता येत नाही. टीबीचा साधा कोर्स ६ महिन्यांचा. ऑगस्टात गोळ्या सुरू झालेल्या माणसाचा निम्मा कोर्स उसाच्या फडातच येतो.

मी गावची आशा कार्यकर्ती. पेशंटनं माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या आणि मी कार्डावर खूण करायची, याला आम्ही ‘डॉट्स’ म्हणतो. पूर्वी आठवड्यातून तीनदा गोळ्या असायच्या, २०१७ पासून रोज असतात. वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज ३. पहिले २ महिने एका गोळीत चार औषधं, पुढं ४ महिने तीन. लघवी लालसर होते, त्याला भ्यायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

खरी अडचण महिना-दीड महिन्यानं येते. ताप जातो, भूक लागते, खोकला थांबतो. मग, “ताई, आता बरं वाटायलंय की, कशाला गोळ्या?” पण जंतू अजून मेलेले नसतात. मध्येच सोडलं तर उरलेल्यांवर तीच औषधं चालेनाशी होऊ शकतात.

दुसरी अडचण चारचौघांची. लग्नाची मुलगी असली की बाप म्हणतो, “ताई, दारात येऊ नका.” सून आजारी पडली तर तिला माहेरी धाडतात, ताट-वाटी वेगळी करतात. टीबी ताटानं पसरत नाही, हवेतून पसरतो. आणि नेमानं औषध सुरू झालं की काही आठवड्यांत पसरण्याची भीती खूप कमी होते. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात पेशंटचे दोन गट केले होते. घरी राहून औषध घेणारे सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले, आणि घरच्यांना त्यापायी जादा लागण झाली नाही. एवढं सांगूनही लोक पटकन ऐकत नाहीत. म्हणून गोळी कुठं आणि कोणासमोर घ्यायची ते मी पेशंटलाच ठरवू देते. एक मुलगी शेजाऱ्यांना ‘शिवण शिकायला जाते’ असं सांगून माझ्या घरी यायची. तिनं कोर्स पुरा केला.

पोषणासाठी सरकार महिन्याला ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देतं. पण बाईचं स्वतःचं खातं नसलं तर ते नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या खात्यात पडतात. त्यातले अंडी-शेंगदाण्याला किती लागले, हे कोण विचारणार? म्हणून नाव नोंदवतानाच मी तिला खातं उघडायला लावते.

गोळी चुकली की माणसाला बेफिकीर म्हणणं सोपं आहे. माझ्या अनुभवात उचल, अब्रू आणि उपाशीपोटी होणारी मळमळ यांनीच जास्त कार्डं अर्धवट ठेवली.

म्हणून टोळीत निघणाऱ्यांना एवढंच सांगणं : जाण्याआधी आशाला सांगा, गोळ्या आणि टीबीच्या सरकारी नोंदणीचा निक्षय नंबर सोबत घ्या. त्या नंबरावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही औषध फुकट मिळतं. आणि मुकादमांनो, कोयते मोजता तेव्हा कोणाच्या गोळ्या चालू आहेत तेही विचारा, आणि त्याला दवाखान्यासाठी सुट्टी द्या.