पडीक जमिनीतली भाकरी

वॉर्डात ड्यूटी करत होते तेव्हा बाळंतपणाला आलेल्या बाईची पापणी खाली ओढून बघायची सवयच लागली होती. आतला भाग लालसर हवा, तो पांढुरका दिसायचा. "काय जेवता ताई?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "भात, पातळ वरण, कधी बटाटा." भाकरी? "ती गावाकडं खायचो. इथं पोरं खात नाहीत. गरिबाचं खाणं म्हणतात."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. त्यावर गोळ्या लागतातच. पण ताटात काय यावं आणि ते कोणी ठरवावं, हा प्रश्न गोळीने सुटत नाही. आपल्यासारख्याच बायांनी तो कसा सोडवला ते सांगते.

सोलापूरहून हैदराबादला जाताना तेलंगणात झहीराबाद लागतं. त्याजवळच्या पस्तापूर गावातून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून काम करते. आसपासच्या गावांत बायांचे 'संघम' म्हणजे मंडळं उभी राहिली. त्यात बहुतेक दलित बाया. जमीन असली तरी तुकडाभर, तीही मुरमाड. पाणी पावसाचं. पोटासाठी दुसऱ्याच्या रानात मजुरी, आणि रेशनवर तांदूळ.

१९९० च्या दशकात या बायांनी साधा प्रश्न विचारला. आमच्या मातीत ज्वारी येते, मग बाहेरून आलेल्या तांदळाची वाट का बघायची? पडीक रान नांगरायला, शेणखत टाकायला शेतकऱ्यांना कर्ज दिलं गेलं. फेड पैशात नाही, ज्वारीत. ती ज्वारी गावातच साठवली आणि घरातला दाणा संपतो त्या दिवसांत गरीब घरांना स्वस्तात दिली. गरीब कोण, ते साहेबाने नाही, गावाने बसून ठरवलं.

या शेतीत रासायनिक खत नाही, विकतचं बी नाही. एकाच रानात ज्वारी, बाजरी, राळा, तूर, मूग, तीळ, अंबाडी अशी मिसळीची पेरणी. पाऊस दगा देऊन एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यामुळे जमिनीचा कस टिकतो. बियाणं बायाच राखतात. लिंपलेल्या टोपल्यांत, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून. शेजारणीला बी दिलं तर सुगीला ती जास्तीचं परत करते. रानात आपोआप उगवणारा पालाही तण म्हणून फेकत नाहीत, त्याची भाजी होते. २०१९ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आता दाण्याचा हिशेब बघा. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असतं, पॉलिशच्या तांदळात एकही नाही. नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात जेमतेम दहा. ज्याला आपण गरिबाचं म्हणून ताटातून काढलं, तेच अंगाला लागणारं होतं.

वस्तीत शेत नाही, हे मला माहीत आहे. तरी एवढं करता येईल:

• दिवसातलं एक जेवण भाकरीचं ठेवा. साखरेचा आजार असेल तर भाकरीही मोजूनच खा.

• बचत गटाने मिळून, गावाकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून सुगीला ज्वारी, बाजरी, तूर घ्या. 'ऑर्गॅनिक' लिहिलेल्या महाग पाकिटामागे धावू नका.

• जुन्या डब्यात, गोणीत मेथी, माठ, अंबाडी लावा. विहाराच्या आवारात जागा असेल तर एक शेवगा लावा. गटाराच्या कडेची भाजी मात्र खाऊ नका.

• पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको.

• रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे आढळले तर ते प्लास्टिकचे नसतात. त्यात लोह मिसळलेलं असतं, निवडून फेकू नका.

• सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. दिलेल्या गोळ्या पूर्ण करा. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर लोहाची गोळी आणि रेशनचा लोहयुक्त तांदूळ, दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक घरातली गोष्ट. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई मी घरोघरी पाहिली आहे. भाजी आधी तिच्या ताटात वाढा, पोरीच्या ताटात वाढा. पोरगा भाकरीला नाव ठेवू लागला तर त्याला झहीराबादच्या बायांची गोष्ट सांगा. ज्या मुरमाड रानाकडे कोणी बघत नव्हतं, त्यातून त्यांनी अख्ख्या गावाची भाकरी पिकवली.