जपानच्या हिमप्रदेशात सुटी

पगारवाढीच्या आणि बोनसच्या सभा घेत हिंडणाऱ्या माणसाने जपानातील बर्फावर घसरण्याच्या खेळाविषयी बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. प्रथम आम्हांलाही ते तसेच वाटले. पण अलीकडे आमच्या ओळखीच्या कामगार कुटुंबांत एक नवीच गोष्ट घडू लागली आहे. मुलगा किंवा मुलगी टोकियोत संगणकाच्या कामावर असते, आणि थंडीच्या सुमारास तिकडून फोन येतो, की या, तुम्हांला बर्फ दाखवतो. मग आईबाप आमच्याकडे प्रश्न घेऊन येतात. जावे केव्हा, उतरावे कोठे, खर्च किती आणि या वयात हातपाय मोडायचे तर नाहीत ना? त्यांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही जे वाचले आणि विचारले, ते येथे मांडतो आहोत.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला कशाला? सुटी हा श्रमिकाचा हक्क आहे, असे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. त्या सुटीत त्याने देवदर्शनच करावे, दुसरे काही करू नये, असे मात्र आम्ही कधी सांगितल्याचे स्मरत नाही.

आधी बर्फाविषयी. जपान काही ध्रुवाजवळचा देश नव्हे. निसेको हे त्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण साधारण रोमच्या अक्षांशाजवळ आहे. मग तेथे एका हंगामात दहा मीटरहून अधिक बर्फ पडतो तो कसा? हे समजायला आपल्याला सह्याद्रीचा फार उपयोग होतो. आपल्याकडे नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीवर आदळतो आणि कोकणात व महाबळेश्वरला कोसळतो. घाट ओलांडला की देशावर कोरडे. जपानात हाच प्रकार हिवाळ्यात आणि उलट्या दिशेने होतो. सायबेरियावर थंड, जड हवेचा साठा होतो व तेथून वायव्येचा वारा सुटतो. हा वारा मुळात कोरडा असतो. पण जपान आणि आशिया खंड यांच्यामधील समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह आलेला असतो. त्या तुलनेने उबदार पाण्यावरून जाताना हवा बाष्पाने भरते, ढग होतात, आणि जपानच्या मध्यातून गेलेल्या पर्वतांच्या कण्यावर ते रिकामे होतात. म्हणजे निईगाताची बाजू हे त्यांचे कोकण, आणि टोकियो हे देशावरचे गाव. ज्या दिवशी डोंगरापलीकडे माणूसभर बर्फ साचतो, त्या दिवशी टोकियोत लख्ख ऊन असते आणि लोक गच्चीवर कपडे वाळत घालतात.

किती बर्फ म्हणाल, तर आओमोरीकडील सुकायू येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये जमिनीवर ५६६ सेंटिमीटर थर मोजला गेला, आणि ताकादा या गावात १९४५ च्या फेब्रुवारीत ३७७ सेंटिमीटर. ताकादा हे खेडे नव्हे, माणसांनी भरलेले शहर. अशा ठिकाणी छपरावरचा बर्फ खाली ओढणे हे हिवाळ्यातले रोजचे काम असते, आणि ते करताना आजही माणसे पडून मरतात. आपण ज्याला मौज म्हणून पाहायला जातो, तो तेथल्या लोकांनी शतकानुशतके पाठीवर वाहिलेला बोजा आहे.

या ताकादा गावातच जपानी माणूस स्की शिकला. रशियाशी झालेले युद्ध जिंकलेल्या जपानी लष्कराचा अभ्यास करण्यासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीचा मेजर थिओडोर फॉन लेर्ख तेथे आला होता. त्याने १२ जानेवारी १९११ रोजी तेथील सैनिकी अधिकाऱ्यांना पहिला पाठ दिला. त्याच्या हातात आजच्यासारख्या दोन काठ्या नव्हत्या, एकच लांब काठी होती. जर्मन भाषेचा शिक्का अजून पुसलेला नाही. स्कीच्या उताराला जपानी लोक आजही ‘गेलेंडे’ म्हणतात, आणि काठीला ‘स्तोक्कु’.

आता ठिकाणे. नावे शेकडो आहेत, पण नवख्या माणसाने तीनच दिशा ध्यानात ठेवाव्या.

पहिली दिशा युझावा. टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास. वाटेत दाइशिमिझू नावाचा बावीस किलोमीटरांहून लांब बोगदा लागतो. गाडी पाचसहा मिनिटांत तो पार करते. अलीकडे ऊन आणि पलीकडे शुभ्र प्रदेश. कावाबाता यासुनारी यांची जी हिमप्रदेशावरची कादंबरी प्रसिद्ध आहे, ती याच गावची, मात्र तिच्यातला बोगदा जुना, १९३१ चा. या नव्या बोगद्याचे काम चालू असताना १९७९ च्या मार्चमध्ये आत आग लागून १६ कामगार मेले. प्रवाशांच्या मार्गदर्शिकेत हे सहसा लिहिलेले नसते, म्हणून आम्ही सांगतो.

युझावाच्या पुढचे गाला हे स्थानक तर अजब आहे. मूळची ही शिंकान्सेनच्या रुळांची देखभाल करणाऱ्यांची जागा. तिचेच डिसेंबर १९९० मध्ये स्कीचे ठिकाण झाले. गाडीतून उतरा, त्याच इमारतीत बूट-पट्ट्या भाड्याने घ्या, आणि पाळण्यात बसून डोंगरावर जा. ज्यांच्याजवळ एकच दिवस आहे त्यांनी डोळे मिटून येथे जावे; स्थानक केवळ हंगामातच उघडे असते एवढे लक्षात ठेवावे. रेल्वेची ही कल्पकता कौतुकाची खरी. पण त्याच १९९० सालच्या १ एप्रिलला, सरकारी रेल्वेचे तुकडे करून खाजगी कंपन्या बनविल्यानंतर जे कामगार उरले होते, त्यांपैकी १,०४७ जणांना कामावरून काढण्यात आले. त्यांतले बहुतेक होक्काइदो आणि क्यूशू या बेटांवरचे. युनियनमध्ये होतो म्हणून नव्या कंपन्यांनी आम्हांला घेतले नाही, असे त्यांचे म्हणणे. तो तंटा मिटला २०१० साली. वीस वर्षे माणसे लढत राहिली, आणि त्या अवधीत काही जण वारले.

युझावात आणखी एक देखावा दिसेल. आठ हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात उंच उंच इमारती उभ्या आहेत. १९८७ च्या सुमारास जपानात पैशाचा पूर आला होता. सरकारने त्याच वर्षी विश्रांतिस्थळांना सवलती देणारा कायदा केला. तेव्हा स्कीसाठी म्हणून येथे सुमारे १५,००० सदनिका बांधल्या गेल्या. मग फुगा फुटला. १९९० च्या दशकात वर्षाला पावणेदोन कोटींहून अधिक माणसे स्कीला जात. आज त्याच्या चौथ्या हिश्श्याहून फार अधिक जात नाहीत. काही सदनिका आता जुन्या मोटारीच्या किमतीत मिळतात, पण देखभालीची वर्गणी दरमहा भरावी लागते म्हणून कोणी घेत नाही. स्वस्त घर दिसले म्हणून तेथे कोणी मोहात पडू नये.

दुसरी दिशा नागानोची. १९९८ चे हिवाळी ऑलिंपिक येथे झाले. (आशियातले पहिले साप्पोरोला, १९७२ साली.) हाकुबाचे डोंगर मोठे व चढणीचे, ते सरावलेल्यांसाठी. आमचे मत विचाराल तर नोझावा ओन्सेनला जावे. शिंकान्सेनने ईयामा, आणि तेथून बसने अर्धा तासही लागत नाही. आमच्या पसंतीचे कारण सांगतो. गावकऱ्यांनी आपले स्की-मंडळ १९२३ मध्येच काढले. पुढे पाळण्यांचा कारभार १९६३ पासून चाळीस-एक वर्षे प्रत्यक्ष ग्रामसंस्थेच्या हाती होता; २००५ साली त्यासाठी वेगळी कंपनी निघाली. भात पिकविणारी ही माणसे पूर्वी हिवाळा आला की घर सोडून शहरात मजुरीला जात. त्याला ‘देकासेगी’ म्हणतात. दारू गाळण्याच्या भट्ट्यांवर, कारखान्यांत आणि पुढे टोकियोतील रस्त्यांच्या व इमारतींच्या बांधकामावर. वसंतात परत. आमच्या कोकणातील चाकरमान्यांना हे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की त्यांच्या गावात बर्फानेच पुढे काम आणले. जो शेतकरी बाहेर जात असे, तो पाळणा चालवू लागला, त्याची बायको घरातल्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवू लागली. अशा घरगुती खानावळीवजा निवासाला ‘मिन्शुकु’ म्हणतात. हॉटेलपेक्षा स्वस्त, आणि पैसा थेट घरात जातो. उतरायचे तर अशा ठिकाणी उतरावे.

तिसरी दिशा होक्काइदो. विमानाने शिन-चितोसे, पुढे निसेकोला बसने अडीच-तीन तास. थंडी अधिक, म्हणून बर्फ कोरडा व पिठासारखा. पडले तरी फारसे लागत नाही. पण गर्दी आता परदेशी धनिकांची. चारही डोंगरबाजूंचे दिवसाचे तिकीट दहा हजार येनच्या वर गेले आहे, म्हणजे आपले पाच हजारांहून अधिक रुपये. शेजारच्या कुच्चान गावात जागांचे भाव इतके चढले की तेथेच काम करणाऱ्याला घर परवडेना. २०१९ मध्ये त्या गावाने मुक्कामावर दोन टक्के कर बसविला. तो आम्हांला योग्यच वाटतो.

केव्हा जावे, याचे उत्तर सोपे आहे: जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. नवे वर्ष, चिनी नववर्ष आणि शनिवार-रविवार टाळावे. शनिवार-रविवारी एवढी झुंबड का, हेही ऐकण्यासारखे आहे. जपानी कायद्याप्रमाणे सहा महिने नोकरी झालेल्याला दहा दिवस पगारी रजा मिळते, पुढे ती वीसपर्यंत वाढते. पण सहकाऱ्यांवर भार पडेल या संकोचाने माणसे रजा घेतच नसत. निम्मी वाया जाई. शेवटी एप्रिल २०१९ पासून कायद्याने मालकावरच बंधन घातले, की दहा दिवसांची रजा ज्याची आहे त्याला निदान पाच दिवस घ्यायला लावा. आमच्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा आहे. ती मागून घ्यावी लागते, आणि पुष्कळांना मागता येत नाही, ही आमची रड निराळी.

रजा नाही म्हणून तरुण लोक रात्रीच्या बसने जातात. शुक्रवारी रात्री टोकियोहून निघायचे, पहाटे डोंगरावर, दिवसभर स्की, आणि माघारी. तिकीट फार स्वस्त. येथे आम्ही थोडे थांबतो. १५ जानेवारी २०१६ च्या पहाटे कारुइझावाजवळ अशी एक बस घाटात रस्ता सोडून खाली गेली. १५ जण मेले, त्यांत १३ विद्यार्थी आणि दोन्ही चालक. चौकशीत निघाले, की गाडी चालविणाऱ्याला मोठ्या बसचा पुरता सराव नव्हता, आणि सहलीचे कंत्राट कायद्याने ठरविलेल्या किमान भाड्याहूनही कमी दराने घेतले होते. त्यानंतर नियम कडक झाले, हे खरे. तरीही बस निवडताना चालक दोन आहेत काय आणि दर विलक्षण कमी का आहे, हे मुलांना विचारायला सांगा. जपानीत विचारायला त्यांना संकोच वाटेल, वाटू द्या.

बाकी गोष्टी झटपट सांगतो. व्हिसा लागतो, तो एकदोन महिने आधी करावा. दिल्लीहून टोकियोला थेट विमाने आहेत. सामान कमी न्यावे, कारण पट्ट्या, बूट, काठ्या, अंगरखा-विजार सर्व भाड्याने मिळते. हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा मात्र बहुधा विकत घ्यावा लागतो. बुटाचे माप तेथे सेंटिमीटरमध्ये सांगतात. घरीच पाऊल मोजून ठेवा. आतून सुती बनियन नको, घामाने भिजते आणि मग गोठविते. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. जड पेटी टोकियोहून मुक्कामावर पुढे पाठविता येते. ‘ताक्क्यूबिन’ नावाची ही घरपोच सेवा १९७६ मध्ये निघाली आणि स्कीच्या पट्ट्यांसाठी तिची खास सोय १९८३ पासून आहे. शाकाहारी माणसाने सावध असावे. वरून भाजी दिसणाऱ्या रश्शात मासळीचा अर्क असतोच असतो. ‘मासळीचा अर्कही नको’ असे जपानीत लिहून घेतलेला कागद खिशात ठेवावा, आणि सोबत भाजणी-मेतकूट.

विम्याचा कागद वाचल्याशिवाय सही करू नये, हे आम्ही सर्वत्र सांगतो, येथे दोनदा सांगतो. पुष्कळ प्रवासविम्यांत ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात, आणि स्की त्यांत धरतात. वेगळी रक्कम भरून ते कलम घालून घ्या.

पहिल्या दिवशी शिक्षक घ्यावाच. तो पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवायला शिकवील. त्याने वेग मरतो. पडायचे ते कुशीवर, मागे बसून नव्हे. साठीच्या आईबापांनी पट्ट्या न बांधता पाळण्यात बसून वर जावे, बर्फ पाहावा, चहा प्यावा आणि खाली यावे. त्यात कमीपणा नाही. आणि दोरी लावलेली हद्द कोणीही ओलांडू नये. झाडांच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते, तीत डोके खाली होऊन पडलेला माणूस एकट्याने निघत नाही. नोझावाने २०१० मध्ये नियमच केला, की हद्दीबाहेर अडकलेल्याला सोडविण्याचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. कठोर वाटतो खरा. पण सोडवायला जाणारा मजूर आपला जीव घालून जातो.

संध्याकाळी अंग मोडून आले की नोझावाच्या गरम झऱ्यांच्या स्नानगृहांत जावे. अशी तेरा आहेत, आणि ती कोणा मालकाची नाहीत. शेजारपाजारची घरे मिळून पाळीपाळीने झाडतात, धुतात. आत कपडे पूर्ण काढावे लागतात, बायकांचे व पुरुषांचे वेगळे असते. आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचे, मगच कुंडात उतरायचे. पाणी भयंकर कढत असते. थंड पाण्याचा नळ आहे, पण आधीपासून कुंडात बसलेल्या म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय तो उघडू नये. दाराशी एक पेटी असते, तीत जाताना चार नाणी टाकावी.