तळहातांना आधी कळतं

माझी भाची एकोणीस वर्षांची. तिची गाडी शिकणं चालू होतं तेव्हा कात्रजच्या चढावर मी मागच्या सीटवर बसले होते. पुढे ट्रक थांबलेला, मागे एसटी येऊन चिकटलेली. हाफ क्लच, हँडब्रेक, पुन्हा हाफ क्लच. "घाबरलीस का गं?" "नाही मावशी, अजिबात नाही." चढ संपल्यावर तिने ओढणीला तळहात पुसले आणि मग स्टिअरिंगही पुसलं.

ती खोटं बोलत नव्हती. सगळं लक्ष क्लच-गिअरमध्ये गुंतलेलं असताना स्वतःचा ताण जाणवायला सवड कुठली? शरीर मात्र त्याची नोंद ठेवतं. तळहात-तळपायांच्या घामग्रंथी उन्हापेक्षा मनाला जास्त जुमानतात. त्यांचा ताबा सिम्पथेटिक मज्जासंस्थेकडे, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या यंत्रणेकडे असतो. घाम डोळ्यांना दिसण्याआधीच ग्रंथींच्या नळ्या भरू लागतात आणि त्वचेतून वीज जास्त सहज वाहते. दोन बोटांवर इलेक्ट्रोड लावून, जाणवणारही नाही इतका सूक्ष्म विद्युतदाब दिला की हा बदल मोजता येतो. माणूस दचकला की साधारण 1 ते 3 सेकंदांत आलेख वर चढतो.

हृदयाचं गणित थोडं वेगळं. निरोगी, निवांत हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही. श्वास घेताना ते किंचित घाई करतं, सोडताना रेंगाळतं. ताणात ठोके वाढतात आणि ही लवचिकता आक्रसते.

रस्त्यावर हे सगळं एकत्र मोजण्याचा गाजलेला प्रयोग अमेरिकेत, बोस्टन परिसरात झाला. एमआयटीच्या जेनिफर हीली आणि रोझलिंड पिकार्ड यांनी तो 2005 साली प्रसिद्ध केला. चालकांच्या छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड, खांद्याच्या स्नायूवर एक सेन्सर, श्वासासाठी पट्टा, तळहात आणि तळपायावर घामाची मोजणी. अशा 24 फेऱ्या झाल्या, प्रत्येक किमान 50 मिनिटांची. थांबलेल्या गाडीतली विश्रांती, महामार्ग आणि गजबजलेलं शहर अशा तीन अवस्था होत्या. नुसत्या शारीरिक नोंदींच्या पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांवरून त्या 97 टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता आल्या. ताणाशी सर्वांत जवळचं नातं निघालं त्वचेच्या विद्युतवाहकतेचं आणि हृदयगतीचं.

मला हा आकडा थोडा जपून वाचावासा वाटतो. डोळे मिटून बसलेला माणूस आणि शहरातल्या गर्दीत गाडी चालवणारा माणूस यांच्यातला फरक ओळखणं वेगळं. एका मुलीचा एका वळणावर जीव दडपला आहे हे ओळखणं त्याहून कितीतरी अवघड. शिवाय तळहात भीतीने ओलावतात तसे आनंदानेही ओलावतात. मित्रांना घेऊन सुसाट निघालेल्या मुलाचा आणि घाबरलेल्या मुलाचा आलेख सारखाच दिसू शकतो. हीच मोजणी करू पाहणाऱ्या मनगटावरच्या घड्याळाची आपल्याकडे आणखी एक अडचण: मनगट उकाड्यानेही घामेजतं. मे महिन्यातल्या दुपारी ते ताण मोजतंय की ऊन, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

तरीही या विषयाकडे पाठ फिरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार 5 ते 29 वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात हे आहे. नवशिक्याची नजर कुठे जाते, हे मूरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी 1972 मध्येच पाहिलं होतं: ती गाडीच्या पुढ्यातच अडकते, आरशांकडे कमी वळते. अशा वेळी ताण वाढला, तर मुळात अपुरं असलेलं लक्ष आणखी आकसतं.

म्हणून शिकताना ताणाचा असा आलेख काढला, तर तो विमा कंपनीच्या हाती जाऊ नये, तो शिकणाऱ्याच्या आणि शिकवणाऱ्याच्या मध्ये राहावा, असं मला मनापासून वाटतं. फेरी संपल्यावर दोघांनी रस्त्याच्या नकाशाशेजारी तो ठेवून बघावा. भाचीच्या आलेखात कात्रजचा चढ उमटला असताच. मला बघायचा असता तो त्यापुढचा सपाट रस्ता: तळहात पुसून झाल्यावर ती रेघ खाली यायला किती वेळ लागला, आणि तेवढ्यात ती किती सिग्नल ओलांडून गेली.