लांब पल्ल्याचे विमान निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशासमोर साधारण तीन वाटा असतात : थेट उड्डाण, दुबई-दोहा-अबू धाबीमार्गे किंवा युरोपातल्या एखाद्या विमानतळावरून. निवड मात्र बहुधा कंपनीचे नाव आणि भाड्याचा आकडा पाहूनच होते. विमान प्रत्यक्ष कोण चालवते, ते कोणत्या जातीचे आहे आणि तिकिटाच्या अटी काय आहेत, यांतले काहीच या दोन गोष्टींवरून धड कळत नाही.

तिकिटावर जिचे नाव तिचेच विमान, हा सर्वांत पक्का रुजलेला समज. कोडशेअर करारात एकाच उड्डाणाला दोन-तीन कंपन्या आपापला क्रमांक देतात. लुफ्थान्सा आणि एअर इंडिया यांच्यात असा करार आहे. त्यामुळे लुफ्थान्साचा ‘एलएच’ क्रमांक पाहून तिकीट काढलेला प्रवासी एअर इंडियाच्या विमानात बसलेला असू शकतो. आसन, जेवण, कर्मचारी सारे विमान चालवणाऱ्या कंपनीचे. बुकिंग करताना ‘ऑपरेटेड बाय’ या शब्दांपुढे बारीक अक्षरांत जे नाव येते, तेच खरे धरावे. कधी तर विमानही उसने असते. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून अॅमस्टरडॅम आणि मँचेस्टरला सेवा सुरू केली, ती नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून वैमानिकांसह भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७ विमानांवर.

तिकिटावरची कंपनी आणि विमान चालवणारी कंपनी यांतला हा फरक पैशांतही मोजता येतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार ३,५०० किलोमीटरहून लांबचे विमान तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले, तर प्रवाशाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. वादळासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर नाही. युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला हा नियम लागू आहे, कंपनी कुठलीही असो. बाहेरून संघात येणाऱ्या विमानाला मात्र ते चालवणारी कंपनी युरोपीय असेल तरच हा नियम लागू होतो. म्हणजे फ्रँकफर्टहून दिल्लीला येताना लुफ्थान्सा आणि एअर इंडिया या दोन्ही कंपन्यांचे प्रवासी हक्कदार. दिल्लीहून फ्रँकफर्टला जाताना फक्त लुफ्थान्साच्या विमानातले. आणि ‘एलएच’ क्रमांकाचे तिकीट हातात असूनही विमान एअर इंडियाचे असेल, तर जाताना हा हक्क नाही. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

‘डायरेक्ट’ म्हणजे विनाथांबा, असेही नाही. उड्डाणाचा क्रमांक बदलत नसेल तर वाटेत विमान उतरले तरी ते ‘डायरेक्ट’च म्हणवते, विनाथांबा हवे असेल तर ‘नॉनस्टॉप’ शोधावे लागते. वेळापत्रकातला विनाथांबा प्रवासही आकाशातल्या राजकारणावर अवलंबून असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यावर एअर इंडियाच्या दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. तसेच रशियाची हवाई हद्द २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना बंद झाली आणि युनायटेडने आपली मुंबई–नेवार्क सेवा थांबवली.

दोन स्वस्त तिकिटे जोडून प्रवास स्वस्त होतो, हे अर्धसत्य. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील, तर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकल्यास पुढची सोय करणे कंपनीची जबाबदारी असते. वेगवेगळी तिकिटे असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो प्रवासी आलाच नाही, आणि तिकीट वाया. सामानही बहुधा मध्येच उतरवून पुन्हा द्यावे लागते, त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि मग व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी अबू धाबीची एक सोय ध्यानात घेण्याजोगी आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात चढण्याआधीच उरकते आणि प्रवासी पलीकडे देशांतर्गत विमानाने आल्यासारखा उतरतो.

कंपनी नामांकित म्हणजे आसन ऐसपैस, हा समज बोइंग ७७७ विमानात खोटा ठरतो. त्याच रुंदीच्या केबिनमध्ये पूर्वी एका रांगेत नऊ आसने असत. आता अनेक नावाजलेल्या कंपन्या दहा बसवतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याची सुमारे दीड इंच जागा कमी होते. विमानाची जात आणखी एका कारणाने महत्त्वाची. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये केबिनमधला हवेचा दाब सुमारे ६,००० फुटांच्या उंचीइतका राखतात, तर जुन्या विमानांत तो ८,००० फुटांच्या उंचीइतका असू शकतो. चौदा-पंधरा तासांनंतरच्या थकव्यात हा फरक जाणवतो.

जेवणाबाबत एक घोळ हमखास होतो. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी जेवण नव्हे. बहुतेक कंपन्यांत त्यात गोमांस नसते, पण कोंबडी, मटण किंवा मासे असतात. शाकाहारी भारतीय जेवणासाठी ‘एव्हीएमएल’ आणि जैन जेवणासाठी ‘व्हीजेएमएल’ असे सांगावे लागते, तेही साधारणपणे किमान २४ तास आधी. विमान बदलले तर ही मागणी पुढे गेली की नाही, ते पुन्हा विचारलेले बरे.

स्वस्त कंपनी म्हणजे असुरक्षित, यालाही आधार नाही. सुरक्षेचे नियम भाड्यावर ठरत नाहीत. सर्वांत कमी भाड्यात चेक-इन सामान, आसननिवड किंवा तारीखबदल नसण्याची शक्यता मात्र मोठी असते. हे सगळे धरून बेरीज केली की क्रम पुष्कळदा उलटा होतो.

सामान हरवले तर वजनाप्रमाणे किरकोळ रक्कम मिळते, हा समज जुन्या वॉर्सा कराराच्या काळातला. भारत २००९ पासून माँट्रियल करारात आहे. त्यात कमाल भरपाई किलोमागे नव्हे, प्रवाशामागे ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलर आहे. मात्र तुटफुटीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते; मुदत टळली तर दावा सहसा उरत नाही.