आजीबाईंच्या भूमिकेतली राणी

चेहऱ्यापेक्षा हात लवकर वय सांगतात, हे अभिनेत्री किरिन किकी यांना पक्कं ठाऊक होतं. १९७४ मध्ये एका पाथरवट कुटुंबावरच्या ‘तेराउची कान्तारो इक्का’ या जपानी मालिकेत त्या आजी झाल्या, तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांच्या होत्या. तरुण हात दिसू नयेत म्हणून त्या हातमोजे घालायच्या. घराघरांत ही खट्याळ आजी लाडकी झाली.

१९४३ मध्ये टोकियोत जन्मलेल्या किकी ‘बुंगाकुझा’ या नाट्यसंस्थेतून पुढे आल्या. आधी त्यांचं नाव युकी चिहो होतं. १९७७ मध्ये टीव्हीवरच्या लिलावात त्यांनी ते नावच विकून टाकलं!

मला त्या सर्वाधिक भिडतात त्या दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांच्या चित्रपटांत. ‘स्टिल वॉकिंग’मधल्या आईचा मुलगा दुसऱ्याला बुडताना वाचवताना गेलेला. वाचलेल्या त्या तरुणाला ती दरवर्षी आवर्जून घरी बोलावते, त्याला सल राहावा म्हणून. विणकाम करता करता किकी हे अगदी साध्या आवाजात सांगतात. आईची माया आणि तिचा डूख एकाच चेहऱ्यावर इतक्या सहज नांदताना मी क्वचितच पाहिलेत.

कर्करोग शरीरभर पसरल्याचं २०१३ मध्ये जाहीर करूनही त्या काम करत राहिल्या. ‘शॉपलिफ्टर्स’साठी त्यांनी दातांची कवळी काढून ठेवली. त्या चित्रपटाला २०१८ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकानं त्यांचे चित्रपट पाहायलाच हवेत.