पिसवांचे घर कोणते?

घरात पिसवा झाल्या ही गोष्ट शेजाऱ्याला सांगण्याचीसुद्धा आपल्याकडे लाज वाटते. ताप आला तर चारचौघांत सांगतात, पिसवांचे मात्र दार लावून बोलतात. त्यामुळे जो तो गुपचूप उपाय करतो आणि तो उपाय बहुधा एकच असतो. कुत्र्याला लांब रानात नेऊन सोडायचे, नाही तर मांजराला पोत्यात घालून नदीच्या पलीकडे पोहोचवायचे. कृष्णेच्या काठच्या आपल्या गावांत अशी पलीकडच्या तीराला लागलेली मांजरे थोडीथोडकी नाहीत. जनावर गेले, आता पिसवाही गेल्या, अशा समजुतीने घरची मंडळी निश्चिंत होतात. पुढे दोन-चार दिवसांत सर्वांच्या घोट्यांवर लाल गांधी उठू लागतात. पूर्वी आठवड्यातून एकदा चावणारी पिसू आता दिवसातून दहादा चावू लागते. असे का व्हावे, याचा उलगडा करून घेतला म्हणजे पिसवांचा निम्मा बंदोबस्त झाला असे आम्ही समजतो.

प्रथम हा कीटक ओळखावा. कुत्र्याच्या कानापाशी चिकटून रक्ताने टम्म फुगतो तो गोचीड. त्याला आठ पाय असतात आणि तो उडी मारीत नाही. पिसूला सहा पाय, पंख नाहीत, रंग तपकिरी, आणि अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे. या चपटेपणामुळे ती केसांच्या दाटीतून मासोळीसारखी सुळकन निसटते. तिच्या उडीचे रहस्य पायांच्या मुळाशी असलेल्या रबरासारख्या लवचिक द्रव्यात आहे. धनुष्याची दोरी ताणून सोडावी तशी ती स्वतःला सोडते. मांजराची पिसू म्हणून जी जात ओळखली जाते तीच कुत्र्यावरही सर्रास आढळते. उंदराची पिसू निराळी. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

आता मुख्य मुद्दा. मांजराच्या अंगावरची मादी रक्त पिऊन एकेका दिवसात चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ही अंडी उवेच्या लिखेसारखी केसाला चिकटत नाहीत. ती गुळगुळीत असतात. मांजर अंग झाडते, उडी मारते, झोपते, तेथे तेथे ती गळून पडतात. दोन ते दहा दिवसांत त्यांतून बारीक पांढुरकी अळी निघते. ही अळी चावत नाही, रक्तही शोषत नाही. मोठ्या पिसवांची विष्ठा म्हणजे वाळलेले रक्तच असते. अंड्यांबरोबर ती विष्ठाही खाली पडते व तिच्यावर अळीचे पोषण होते. आईने मुलांच्या शिदोरीची अशी सोय करून ठेवलेली असते! अळीला उजेड सोसत नाही. फरशीच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, सतरंजीच्या वळकटीत, सोफ्याच्या फटीत, गोठ्याच्या मातीत ती शिरून बसते. पुढे ती रेशमासारखा धागा काढून कोष विणते. त्या चिकट कोषाला धूळ-माती लागते आणि डोळ्यांदेखत असूनही तो दिसेनासा होतो. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसूपर्यंतचा हा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

जाणकारांचा सर्वसाधारण अंदाज असा की, घरातल्या एकूण पिसूवस्तीपैकी जेमतेम शेकडा पाच जनावराच्या अंगावर असतात. बाकीची पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने घरात विखुरलेली असते. म्हणजे पिसवांचे घर कुत्रा नव्हे. त्यांचे घर आपलेच घर आहे. कुत्रा ही त्यांची खाणावळ आहे. खाणावळ बंद केली तर भुकेलेला मनुष्य गाव सोडून जात नाही. तो दुसरी खाणावळ शोधतो. कोषातून नव्याने बाहेर पडलेली पिसू पूर्वी मांजरावर चढत असे. मांजर नदीपलीकडे गेले, तेव्हा तिला जे पहिले उबदार पाय दिसले त्यांवर तिने उडी घेतली. ते पाय आपले होते. मुक्या जनावराला देशोधडीला लावून आपण पदरात काय पाडून घेतले, तर त्याच्या वाटणीचे चावे.

कोषाची गोष्ट आणखी थोडी सांगितली पाहिजे, कारण सातारा-सांगली भागातल्या हजारो कुटुंबांचा तिच्याशी संबंध आहे. पाटण, जावळीपासून शिराळ्यापर्यंत कितीतरी घरांतली कर्ती माणसे मुंबईला माथाडी कामावर, गिरणीत, गोदीत पिढ्यान्पिढ्या गेली. गावचे घर वर्षातले कित्येक महिने कुलूपबंद राहते आणि चैत्र-वैशाखात ग्रामदैवताच्या यात्रेला उघडते. दरम्यान माळ्यावर एखादे मांजर विऊन जाते. मंडळी मोठ्या हौसेने उंबरठा ओलांडतात आणि दहा मिनिटांत पांढऱ्या धोतरावर, लेंग्यावर काळे ठिपके उड्या मारू लागतात. ‘बंद घराला पिसवा लागल्या’ असे म्हणतात. काहीजण त्यात दैवी कोपही पाहतात. खरा प्रकार असा की, कोषात पूर्ण वाढलेली पिसू बाहेर न येता महिनोन् महिने तशीच थांबू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड या तिच्या लेखी जेवणाच्या घंटा होत. घंटा वाजली की पंगत एकदम उठते. म्हणून असे घर उघडताना सामान आत नेण्यापूर्वी एकाने, पायांत मोजे व वर घट्ट विजार घालून, सर्व खोल्यांतून चांगले पाय आपटीत फिरावे, जमीन खराट्याने झाडावी, केर बाहेर नेऊन जाळावा, आणि औषधफवारणी करावयाची ती त्यानंतर करावी. आधी फवारणी करून कुलूप लावले तर कोषातली पिसू सुखरूप राहते. कोषाच्या आत औषध भरवशाने पोहोचत नाही.

पिसू जनावर सोडते तेव्हा माणसाकडे वळते, हा धडा आपल्या मुलखाने एकदा फार जबर किंमत देऊन घेतलेला आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढल्या काही वर्षांत तो पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा पसरत गेला. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सरकारने घरे तपासली, भिंती जंतुनाशकांनी धुतल्या, सामान जाळले; त्या जुलमाचा संताप रँडच्या वधापर्यंत गेला. पण सरकारला काय अन् रयतेला काय, रोग अंगात शिरतो कसा हेच त्या वेळी ठाऊक नव्हते. खेड्यातल्या लोकांनी एक खूण मात्र अचूक हेरली होती : घरात उंदीर पडू लागले की गाव मोकळे करून रानात झोपड्या घालाव्यात. कारण त्यांना सांगता येत नव्हते, पण उपाय बरोबर होता.

कारण सांगितले पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने, १८९८ च्या जूनमध्ये, कराचीत. त्याने प्लेगने आजारी उंदीर काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला आणि त्याच्यावर पिसवा भरपूर असाव्यात म्हणून एका मांजराच्या अंगावरच्या काही पिसवा आणून सोडल्या. मग जाळीआड एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसू मात्र जाळीतून उडी मारू शकत होती. पहिला उंदीर मेला. थोड्याच दिवसांत दुसराही मेला, आणि त्याच्या अंगात प्लेगचे जंतू सापडले. सिमाँचे म्हणणे त्या वेळच्या मोठ्या मंडळींनी बरीच वर्षे मानले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळला प्लेग कमिशनने प्रयोग केले, त्यांत गिनीपिगांचे पिंजरे निरनिराळ्या उंचीवर टांगले होते. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्यांना रोग झाला. दोन फुटांवर टांगलेले वाचले. हवेतून रोग येत असता तर त्याने दोन फुटांचा मुलाहिजा ठेवला नसता. पिसूची उडी तेवढी पोहोचली नाही, इतकेच. त्याच जागेला आज आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो.

उंदीर मेला, अंग थंड पडू लागले, की त्याच्यावरच्या पिसवा उतरतात व दुसरे ऊबदार अंग शोधतात. घरात दुसरा उंदीर उरला नसेल तर ते अंग माणसाचे. म्हणूनच अशा साथीत आरोग्यखाते आधी बिळांत पिसूनाशक मारते आणि मग उंदरांकडे वळते. उलट क्रमाने काम केले तर अपाय होतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी पिसवांचा उपद्रव व उंदीर पडणे या दोन खुणा पुन्हा एकत्र दिसल्या आणि पाठोपाठ गाठीचा ताप आला. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोक घराबाहेर राहिले, धान्य आत राहिले, उंदीर माजले, असा त्याचा अर्थ लावला गेला. हे ऐकून घरच्या मांजराकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. प्लेग पसरविण्याचे काम मुख्यतः उंदराच्या पिसूचे आहे, मांजराची पिसू त्या कामी फार दुबळी. शिवाय आज प्लेगवर गुणकारी औषधे आहेत. घरात वा गोदामात एकाएकी बरेच उंदीर मरून पडले तर मात्र त्यांना हात न लावता नगरपालिकेला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, एवढे लक्षात असू द्यावे.

मांजर-कुत्र्याच्या पिसूपासून होणारा उपसर्ग वेगळा आहे. काही कुत्र्यांना तिच्या लाळेचे वावडे असते. दोन-चार चाव्यांनीच शेपटीच्या मुळापाशी केस जाऊन कातडी लाल होते. लहान पिल्लांवर पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन पिल्लू दगावते. शिवाय पिसूच्या पोटातून एका जातीचा पट्टकृमी जातो. अंग चाटताना जनावर पिसू गिळते आणि जंत पोटात शिरतो. रांगत्या मुलानेही क्वचित अशी पिसू गिळली तर त्यालाही तो होतो. म्हणून पिसवांबरोबर जंताचेही औषध विचारून घ्यावे.

पिसवा आहेत की नाहीत याची परीक्षा सोपी आहे. ओल्या पांढऱ्या कागदावर जनावराला उभे करून बारीक दातांच्या फणीने विंचरावे. काळे कण पडतील. ते विरघळून तांबूस झाले तर ती पिसवांची विष्ठा. नुसती धूळ असेल तर रंग बदलत नाही. फणीत आलेली पिसू चिमटीत चिरडू नये, ती निसटते. साबणाच्या पाण्यात बुडवावी.

औषधाच्या बाबतीत आमचा आग्रह आहे की, ते पशुवैद्याकडून वजन सांगून घ्यावे. आता मानेवर थेंब सोडण्याची, तोंडाने देण्याची चांगली औषधे मिळतात. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. असे असता घरोघर जे चालते ते पाहून अंगावर काटा येतो. रॉकेल चोळल्याने कातडी भाजते. फिनेलच्या पाण्याने धुतलेले मांजर अंग चाटते आणि विष पोटात घेते. मांजराच्या यकृताला ते द्रव्य पचविता येत नाही. गुरांच्या गोचिडाचे औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतणे तितकेच वाईट. आणि कुत्र्यासाठीच्या ज्या औषधात परमेथ्रिन आहे ते मांजराला कधीही लावू नये. त्याने मांजर झटके येऊन मरते. जुन्या पिढीच्या आवडीची गॅमेक्झीन पूड बंदी घातलेल्या विषांत जमा झाली आहे. कपाटात डबा उरला असेल तर तो वापरू नये. कडुलिंबाचा पाला, करंजेल यांची निंदा आम्ही करीत नाही. पण घर भरलेल्या पिसवा त्यांनी हटत नाहीत.

घरातल्या सर्व जनावरांना एकाच दिवशी औषध द्यावे, आणि त्याच दिवशी घराला हात घालावा. जनावराचे अंथरूण, आपल्या चादरी, सोफ्याची खोळ कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावी. घोंगड्या, गाद्या उन्हात उलट्यापालट्या कराव्यात. कोरड्या उन्हात अळी तग धरीत नाही. पलंगाखाली, फटींत, भिंतीच्या कडेने, मोटारीच्या बैठकीत व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा व त्यातला केर पिशवीत बांधून लगेच बाहेर टाकावा. जमीन शेणाची असेल तर भेगा बुजवून सारवावे. फवारणी करून घ्यायचीच झाली तर नुसते मारक औषध न घेता अळीची वाढ रोखणारे औषधही त्यात आहे ना, हे विचारावे. पायरिप्रॉक्सिफेन, मेथोप्रीन ही त्यांची नावे. वाळेपर्यंत मुले व जनावरे बाहेर ठेवावीत. माशांची पेटी झाकावी.

यानंतर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसतात, आणि येथेच लोकांचा धीर सुटतो. ‘औषध खोटे निघाले’ म्हणून ते कुत्रा सोडायला निघतात. औषध खोटे नसते. कोषांत राहिलेल्या शेवटच्या तुकड्या बाहेर पडत असतात. औषध लावलेले जनावर त्या वेळी घरातच हवे, कारण त्या पिसवा त्याच्यावर चढतात आणि तेथेच मरतात. जनावराचे औषध सांगितलेल्या तारखांना निदान तीन महिने चालू ठेवावे, झाडलोट दर दोन दिवसांनी करावी. रात्री खोलीत जमिनीवर एका उथळ ताटलीत साबणाचे पाणी ठेवून तिच्यावर लहान दिवा लावून ठेवावा. उजेडाकडे व उबेकडे पिसवा उडी घेतात आणि बुडतात. सकाळी त्या मोजून कॅलेंडरवर आकडा टिपावा. पहिल्या आठवड्यात वीस, मग बारा, मग चार असे उतरत गेले तर काम ठीक चालले आहे. आकडा वाढू लागला तर माळा, जिन्याखालची अडगळ किंवा गोठा यांपैकी एखादी जागा झाडायची राहिली आहे, ती शोधावी.